थोरलीचं वजन

१

मेलेला मासा ओळखणारे खालच्या वाडीत पुष्कळ होते. पण मेलेला मासा बघून डोक्यावर पदर घेणारी शेवंती एकटीच.

सकाळचे सात वाजले होते. परशुरामची होडी वाळूला लागून अर्धा तास झाला होता. बांगड्याच्या तीन क्रेट विकल्या गेल्या. चौथीवरचं ओलं गोणपाट लिलाववाल्याने ओढलं आणि त्याच्या तोंडातली बोली तोंडातच राहिली. बांगड्यांच्या वर एक चोणक आडवा पडला होता. डोकं क्रेटच्या एका बाजूने बाहेर, शेपूट दुसऱ्या बाजूने. आणि शेपटीच्या गोल पंख्याला वरच्या कडेवर चंद्रकोरीसारखी खाच.

"थोरली," कोणीतरी हळूच म्हणालं. मग लिलाव थांबला.

थोरली राहायची खाडीच्या तोंडाशी, पाण्याखालच्या खडकांत, खडपात. चोणक मोठा झाला की त्याची मादी होते हे वाडीतल्या पोरासोरांनाही ठाऊक, म्हणून ती थोरली. होडीवाल्या सॅविओच्या गळवाल्यांनी तिला चार वेळा पकडलं होतं आणि चारही वेळा पाण्यातच सोडलं होतं. सॅविओकडे येणारे हे गळवाले शिकाऊ नव्हेत. दहा-पंधरा वर्षं हात मुरलेले, आपापल्या काठ्या न् रिळं घेऊन पुण्या-गोव्याहून येणारे. खडप कुठे, पाणी कधी वळतं, गळ किती खोल जाऊ द्यायचा, हे सॅविओ दाखवायचा. मासा मारायचा नाही, हा त्याच्या होडीचा पहिला नियम.

दोन वर्षांपूर्वी वाडीने या नियमावर आपला शब्द चढवला. देवळासमोर नारळ ठेवून आणि क्रुसासमोर मेणबत्ती लावून ठरलं: खडपावर जाळं पडणार नाही, आणि खडपावरचा मासा जमिनीवर येणार नाही. जाळेवाल्याने शब्द मोडला तर हंगामभर त्याची होडी बांधायची. गळवाल्याने मोडला तर सॅविओची.

"परशुरामा, ह्या काय?" वाडीतला वडीलधारा भाई पुढे आला.

"देवाशपथ, माका म्हायत नाय," परशुराम म्हणाला. "क्रेटी कडेक ठेवलंय आणि होडी वर ओढूक गेलंय. मगे ही खंयसून इली?"

"मासो चलान इलो?" मागून एक जण म्हणाला, आणि चार जण हसले. ते हसणं परशुरामला जाळ्यातल्या काट्यासारखं लागलं.

भाईने हात वर केला. "सांजेक चार वाजता देवळाकडे बसूया. थंय कोणाची होडी बांधूची ता ठरात."

शेवंती वाकली आणि थोरलीला दोन्ही हातांवर उचलून आपल्या पाटीकडे निघाली. "चार वाजेपर्यंत हिका कोण सुरी लावूचो नाय," ती म्हणाली. शेवंती मालवणच्या बाजारात तीस वर्षं मासे विकत आलेली. तिच्यापुढे सुरी उचलायची कोणाची छाती नव्हती.

परशुराम तिचा धाकटा भाऊ. आणि सॅविओ? त्याची आई एस्पेरांसा बाळंतपणात आजारी पडली तेव्हा त्याला महिनाभर दूध पाजलं होतं शेवंतीने.

२

शेवंतीने थोरलीला पडवीत बर्फावर निजवलं आणि समोर पाट घेऊन बसली. गिऱ्हाइकाचं तोंड बघून त्याला कुठला मासा खपवायचा हे जिला कळतं, तिला माशाचं तोंड बघून गिऱ्हाईक ओळखता येऊ नये?

साडेआठला सॅविओ धावत आला. इंजिनाचा सुटा भाग आणायला तो आदल्या दुपारी कुडाळला गेला होता, रात्री बहिणीकडे राहिला आणि आत्ता सकाळच्या एस्टीतून उतरला होता. थोरलीला बघून तो पायरीवरच बसला.

"रड नंतर," शेवंती म्हणाली. "आधी बघ. जाळ्याचो वळ खंय दिसता?"

सॅविओने कल्ल्यामागे बोट फिरवलं. जाळ्यात अडकलेला मासा धडपडतो, दोऱ्याचे वळ उठतात, खवले निघतात. इथे एक खवला हललेला नव्हता.

"आता हय." जबड्याच्या कोपऱ्यात एक छिद्र होतं. सुईने पाडावं तसं साफ.

सॅविओचा चेहरा उतरला. वाडीतल्या गळांना उलटा काटा असतो, तो निघताना मांस फाडून निघतो. सॅविओच्या होडीवर मात्र तो काटा पक्कडीने दाबून सपाट केल्याशिवाय गळ पाण्यात जात नसे. "मावशे, हो माझ्या माणसांचो गळ."

"तां माका तुझ्या आधी कळला. आता वाक बघ."

थोरली विळ्यासारखी वाकून ताठरली होती. मेलेला मासा ज्या जागेत ठेवाल त्या जागेच्या आकाराने ताठरतो. हिला कोणीतरी तिच्या लांबीहून आखूड पेटीत घालून, बर्फ लावून ठेवलं होतं. कुशीवर रुपयाएवढा वाटोळा दाब उमटला होता. आणि खालच्या जबड्यामागची कातडी टरकली होती.

"ही कशान फाटली?"

"टांगली तिका," सॅविओ म्हणाला. "मोठ्या माशाक आमी कधीच टांगणव नाय, पोटाखाली हात देतंव. टांगतत ती फकत वजनाक." तो थांबला. "पण वजन माझ्या होडयेर कोण करत नाय. टेपीन लांबी मोजूची न् सोडूची. थोरली अडतीस इंच, ह्या सगळ्यांक म्हायत. वजन कोणाकच म्हायत नाय."

"मगे कोणाक कित्याक होया वजन?"

"विक्रमाक. नाव छापान येवचा आसात तर मासो सुक्या जमनीर टांगून, तपासलेल्या काट्यार मोजूक लागता. होडयेरचा वजन धरत नाय."

शेवंतीने बर्फाची एक मूठ थोरलीच्या डोळ्यांवर ठेवली. हिशेब सरळ होता, आणि वाईट होता. भाऊ सुटत होता, आणि त्याच दोरीने सॅविओ बांधला जात होता. ती गप्प बसली तर? मासा बोलत नाही. दुपारपर्यंत बर्फ काढून टाकला की वाकही मोडेल.

"सॅविओ, मी ह्या शोधून काढलंय तर तुझी होडी जातली."

सॅविओने थोरलीच्या शेपटीवरची खाच बोटाने चाचपली.

"तरी शोध," तो म्हणाला. "परशुरामकाकाच्या होडयेर मी पोहूक शिकलंय."

३

एस्पेरांसाच्या घरी तीन गळवाले उतरले होते. शेवंती सॅविओला घेऊन पोचली तेव्हा तिघं अंगणात आंबोळ्या खात होते. थोरलीची बातमी तिच्या आधी ताटांपर्यंत पोचलेली, कारण आंबोळ्या अर्ध्याच संपल्या होत्या.

शेवंती आधी परसात गेली. तिथे घरातली पांढरी बर्फाची पेटी होती.

"काल सांजेक मी धुवन उलटी घातलंय," एस्पेरांसा म्हणाली. "सकाळी बघतंय तर सुलटी. माका वाटला वाऱ्यान. पण वारो काय पेटी धुवन ठेवता? रातभर उलटी, तरी आत ओली होती, न् साबणाचो ताजो वास."

शेवंतीने आत हात घातला. तळाशी एका कडेला पाणी सोडायचं बूच होतं. वाटोळं, वर आलेलं, रुपयाएवढं.

पेटी घराची. परस उघडा. तिघांपैकी कोणीही ती नेऊ शकला असता.

ती अंगणात आली आणि शहराकडच्या मराठीत सुरू झाली. ही मराठी ती बाजारात पर्यटकांसाठी राखून ठेवायची. "काल दुपारनंतर सॅविओ नव्हता. तुम्ही तिघं काय करत होतात? रागावू नका, म्हातारीला चौकशा करायची खोड असते."

तन्वी कोल्हापूरची, यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर. "मी इथेच होते मावशी. काळोख होईपर्यंत दोरे बांधत बसले होते."

"बघितलं कोणी?"

"एस्पेरांसाआंटी चर्चला गेल्या होत्या. म्हणजे नाही."

लिओन मडगावचा, साठीचा, तिघांत जुना. चमच्याने चटणी कालवत म्हणाला, "हांव पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर होतो. पाच वाजता. गुडघाभर पाण्यात उभा. एक मासा नाही."

"आणि तुम्ही?"

कौस्तुभ पुण्याचा. पंधरा वर्षं गळ टाकणारा, बोलायला मऊ. "मी कयाक घेऊन गेलो होतो. आधी वर कांदळवनाकडे, मग तोंडाशी. दिवस मावळताना परत आलो."

"काही लागलं?"

"दाखवण्यासारखं काही नाही."

शेवंतीने मान हलवली आणि लिओनकडे वळली. "लिओनबाब, काल तिथी कुठली?"

"तिथी? तें हांवें कित्याक..."

"नवमी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. नवाची पाऊणपट पावणेसात. पाच वाजता तो पट्टा पाण्याखाली गळ्यापर्यंत. तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे होतात म्हणजे तुमचे गुडघे कुठे आहेत ते एकदा दाखवा."

सॅविओ झटकन उठला. एस्पेरांसाने क्रूस केला. लिओनचा चेहरा पिकल्या पपईसारखा झाला.

"लिओनअंकल?" सॅविओ म्हणाला. त्या एका शब्दात बारा वर्षांची ओळख फाटत होती.

४

लिओनने ताट बाजूला सारलं. "सांगतो. पण ह्या दोघांसमोर नाही."

"ह्या दोघांसमोरच," शेवंती म्हणाली.

"जुन्या मोरीच्या खाली एक डोह आहे," लिओन म्हणाला, आणि दात उपटून द्यावा तसा चेहरा केला. "तांबोशी लागते गळाला. दोन वर्षं सांभाळलाय. काल तिथे होतो. गुरं नेणारी विमला होती पुलावर, तिला विचार. पट्ट्यावर होतो असं सांगितलं ते ह्यांच्यासाठी. आता गेला माझा डोह."

तन्वीने मान खाली घातली, पण ती मोरीची दिशा मनात टिपून घेत होती हे शेवंतीच्या नजरेतून सुटलं नाही. विमलाला हाक मारली. तिने सांगितलं: होय, गोंयचो म्हातारो सांजवेळभर मोरीखाली बसान मेल्या बेडकासारखो गप.

गळवाल्याने जागेबद्दल खोटं बोलणं म्हणजे नवऱ्यामुलाने वय कमी सांगणं. ते धरायचं नसतं. शेवंतीने लिओनच्या नावापुढची फुली पुसली आणि मग तिला ती युक्ती सुचली. खोटं कोण बोलतो यापेक्षा खोटं कुठल्या बाजूला झुकतं, तेच बघायला हवं होतं.

थोरलीला पाटीत घालून अंगणात आणलं. पेटी आणली. ताठरलेली थोरली पेटीत बसवली तेव्हा डोकं एका कोपऱ्यात, शेपूट दुसऱ्यात, आणि कुशीवरचा वाटोळा दाब अगदी बुचावर.

"हे एवढंच मला कळलं," शेवंती म्हणाली, "की ती ह्या घरातून गेली. बाकीचं माझ्या डोक्याबाहेरचं. आता ही माती होणार, तर जाता जाता एक गंमत करू. हिचं वजन किती? काटा माझ्याकडे आहे, पण आधी तुम्ही अंदाज सांगा. जवळ जाईल त्याला माझ्या हातची तिरफळं घातलेली बांगड्याची कढी."

"मावशी, आत्ता?" तन्वी म्हणाली.

"आत्ता."

लिओनने थोरलीला दोन्ही हातांवर तोललं, डोळे मिटले. "पंधरा किलो. एक ग्रॅम कमी नाही."

तन्वीने टेप मागितली. लांबी घेतली, पोटाचा घेर घेतला, फोनवर आकडेमोड केली. "साडेअकरा. शंभर-दोनशे इकडेतिकडे."

कौस्तुभ खांबाला टेकून उभा होता. "सात," तो म्हणाला. "फार तर सात."

"हात लावून बघत नाही?"

"नको. असाच सांगतो."

शेवंतीने थोरलीला काट्यावर टांगलं, कापडात गुंडाळून, जबड्याला धक्का न लावता. काटा थरथरला आणि थांबला. अकरा किलो तीनशे.

सॅविओने तिला परसात ओढलं. "तन्वी, मावशे. तिका आधीच ठाव होता. दोनशे ग्रॅमाचो फरक, असो अंदाज देवसुद्धा करूचो नाय. आणि काल ती हय एकटी होती."

शेवंती हसली, सकाळपासून पहिल्यांदाच. "तू गळ शिकलंस रे, गळवाले शिकाक नाय. चार वाजता ये. तिघांकय घेवन."

५

देवळासमोर वाडी जमली होती. परशुराम एका बाजूला एकटा. त्याच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं, म्हणून शेवंती आधी तिथे जाऊन बसली, मग उठली. नसलेला जाळ्याचा वळ, साफ छिद्र, वाक, बूच, टरकलेली कातडी, तिने एकेक सगळं सांगितलं. परशुरामच्या बाजूने कुजबुज सरकली आणि सॅविओच्या दिशेने गेली.

"आता माणूस," ती म्हणाली, आणि तिघांना कळावं म्हणून मराठी बदलली. "बारा वर्षं मी सॅविओचे गळवाले बघते. ह्यांचा मासा पाण्यात असतो तेव्हा तीन किलो, होडीत चार, आणि घरी पोचेपर्यंत सहा. लिओनबाबांनी अकराचे पंधरा केले. कोणाला नवल वाटलं?"

लोक हसले. लिओनही हसला.

"तन्वीने टेप लावली, सगळ्यांसमोर गणित केलं. ज्याला उत्तर ठाऊक असतं तो गणित मांडत बसत नाही. राहिला तिसरा." ती कौस्तुभकडे वळली. "बाळा, पंधरा वर्षं तू गळ टाकतोस. अडतीस इंची चोणक तू सात किलोचा सांगितलास. मासा लहान करून सांगणारा गळवाला मी जन्मात पाहिला नव्हता. ज्याला आकडा ठाऊक नसतो तो वर जातो. ज्याला ठाऊक असतो आणि लपवायचा असतो, तो खाली जातो. आणि तू तिला हात लावला नाहीस. कारण काल लावला होतास."

"मावशी, हा काही पुरावा नाही," कौस्तुभ म्हणाला. आवाज अजून मऊच होता.

"नाही," शेवंती म्हणाली. "पुरावा तुझ्या खिशात आहे. विक्रमाला फोटो लागतो. काट्यावर टांगलेल्या थोरलीचा फोटो तू काढलास. आणि मग भीती वाटली, पेटी धुतलीस, काटा लपवलास, तिला सगळ्यात कडेच्या क्रेटमध्ये टाकून आलास. पण तो फोटो तू पुसला नाहीस. तुम्ही लोक जीव पुसाल, आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या माशाचा फोटो नाही पुसणार. पुसला असशील तर मी सगळ्यांसमोर तुझी माफी मागते. दाखव."

देवळाच्या घंटेला वाऱ्याने हलकासा धक्का दिला. कौस्तुभने खिशात हात घातला.

मग त्याने फोन काढून शेवंतीच्या हातात दिला.

"मी सोडणारच होतो," तो म्हणाला. "दोन मिनिटं. काठावर टांगली, अकरा चारशे भरली, फोटो काढला, परत पाण्यात नेली. ती आडवी झाली. मी अर्धा तास तिला धरून पाण्यात उभा होतो. कल्ले उघडतील म्हणून." तो खाली बघत होता. "फेकून द्यायला मन झालं नाही. आणि भरती तिला परत वाडीतच आणणार होती. वाटलं, क्रेटमध्ये टाकली तर दहा मिनिटांत कापली जाईल. कोणाची क्रेट, हे मी बघितलंच नाही."

"बघितलं नाहीस," परशुराम म्हणाला. "ताच तर खुपता माका."

सॅविओ उठला. त्याने सोबत आणलेली होडीची दोरी खांद्यावरून काढली आणि भाईच्या पायाशी ठेवली. "खडपावरचो मासो जमनीर इलो. शब्द माझ्या बाजून मोडलो."

भाई परशुरामकडे वळला. "परशुरामा, आळ तुझ्यार इललो. तू बोल."

परशुरामने बहिणीकडे पाहिलं. "ह्येका ठाव होता मां, होडी जातली म्हणान?"

"मी आधीच सांगितलंय तेका," शेवंती म्हणाली. "तो म्हणालो, तरी शोध."

परशुराम पुढे आला, दोरी उचलली आणि सॅविओच्या खांद्यावर परत टाकली. "होडी बांधू नका. खडप बांधा. नारळी पुनवेपर्यंत थंय जाळाय नाय न् गळय नाय. ह्येणा आपली गिऱ्हायका भायल्या खडकार न्हेवची. आणि त्या," त्याने कौस्तुभकडे बोट केलं, "त्येका परत होडयेर घेवचो नाय."

भाईने मान डोलावली. वाडीने तो शब्द धरला.

थोरलीला कोणी खाल्लं नाही. देवळामागच्या तरण्या माडाच्या मुळाशी खड्डा खणून शेवंतीने आणि एस्पेरांसाने तिला पुरलं. कढी तन्वीला मिळाली, आणि तिने लिओनला अर्धी दिली. मोरीखालच्या डोहाची भरपाई म्हणून.

निघताना कौस्तुभ शेवंतीसमोर येऊन उभा राहिला. "मावशी, फोन. फोटो पुसून टाका. मी बघणार नाही."

शेवंतीने फोन पदराला पुसून त्याच्या हातात ठेवला. "पुसायचा नाही. ठेव. माणसं बघतील, विचारतील, केवढी होती म्हणून. तेव्हा एकच सांगायचं. सकाळी चार माणसांत सांगितलंस तेच."

कौस्तुभने मान डोलावून फोन खिशात टाकला.

पुढच्या हंगामात तन्वी आली तेव्हा तिने बातमी आणली. पुण्यात गळवाल्यांचं संमेलन होतं. कोणीतरी कौस्तुभच्या फोनमधला तो फोटो बघितला, शिट्टी घातली आणि विचारलं, काय रे, किती भरला?

"मग?" शेवंतीने बांगडे रचता रचता विचारलं.

"त्याने फोन परत घेतला. मग म्हणाला, सात किलो. फार तर सात."

शेवंतीने बांगड्यांवर पाणी शिंपडलं. "बरो पोरगो आसा तसो," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.